गावकीची जमीन, खंड आणि चावडीतला दगड

पुण्याहून कर्वे रस्त्यानं वारज्याकडे निघालात की मुठेच्या काठाला कर्वेनगर लागतं. आज तिथं इमारतींची दाटी आहे, कॉलेजं आहेत, दुकानं आहेत. पण हे एके काळचं हिंगणे बुद्रुक गाव. नदीपलीकडं त्याचं भावंड, हिंगणे खुर्द. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम पुण्यातून इथं हलवला, तेव्हा ही जागा शहरापासून इतकी आडबाजूला होती की अण्णा कामाच्या दोन्ही टोकांना पायपीट करत. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन दिली आणि पहिली झोपडी उभी करायला साडेसातशे रुपये दिले. सव्वाशे वर्षं झाली, पण देणारा कोण, घेणारा कोण आणि कशासाठी, हे आजही सांगता येतं. कारण ते लिहून राहिलं.

आता दुसरा प्रश्न विचारून बघा. हिंगण्याचं गायरान कुठं होतं? गावकीची म्हणून जी काही जमीन असेल ती कोण कसत होतं, खंड किती देत होतं, तो पैसा कशावर खर्च होत होता? कर्वेनगरच्या चौकात उभं राहून दहा जणांना विचारलं, तर एक तरी उत्तर देईल का? शहरानं गिळलेल्या गावाचं सोडा, तुमच्या-आमच्या नांदत्या गावात हा प्रश्न विचारला तरी सरपंच ग्रामसेवकाकडं बघतात आणि ग्रामसेवक तलाठ्याकडं.

जुनी माणसं म्हणत, भागीचं घोडं किवणानं मेलं. घोडं सगळ्यांचं, म्हणून त्याच्या जखमेला मलम लावायचं कुणाचंच काम नाही. गावकीच्या जमिनीचं तसंच होतं, असं आपण धरून चालतो. पण खरंच तसंच व्हायला हवं का? गावानं आपली सामाईक मिळकत खंडानं देऊन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, अशी उदाहरणं आपल्या मुलखात आहेत आणि फार दूरही आहेत. ती माणसं काही आपल्यापेक्षा वेगळी नव्हती. त्यांनी कागद मात्र नीट केला होता.

गतकुळी रान आणि कौल

आधी आपल्या पुणे प्रांताचंच बघू. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात आपल्या गावगाड्याची बरीच हकिकत आहे. गावात दोन प्रकारचे शेतकरी असत. एक मिरासदार, म्हणजे वडिलोपार्जित हक्कानं जमीन कसणारा. दुसरा उपरी, म्हणजे बाहेरून आलेला, मुदतीनं जमीन करणारा. दुष्काळ पडला, साथ आली, लढाईची धामधूम झाली की एखादं मिरासी कुळ परागंदा व्हायचं किंवा वंशच बुडायचा. त्या जमिनीला म्हणत गतकुळी.

गतकुळी रान ओसाड ठेवून चालत नसे, कारण सरकारचा वसूल सगळ्या गावावर असे. मग पाटील आणि गावकरी ती जमीन उपऱ्याला लावून देत. कधी सालभराच्या बोलीनं, कधी कौलानं. कौल म्हणजे देणाऱ्यानं लिहून दिलेला शब्द आणि कबुलायत म्हणजे घेणाऱ्यानं लिहून दिलेला शब्द. दोन बाजूंचे दोन कागद. पडीक रान मोडायचं असेल तर इस्तावा लावत. पहिल्या साली धारा नाममात्र, मग दर साली थोडा चढता, आणि काही वर्षांनी पुरा. कुळाला दगड वेचायला, बांध घालायला, बैल उभे करायला सवड मिळाली पाहिजे, एवढं शहाणपण त्यात होतं. सतराव्या शतकात उजाड झालेला पुणे परगणा पुन्हा वसवताना हाच इस्तावा कामी आला.

आणि गतकुळी जमीन कुणाला कायमची मिरास करून द्यायची झाली, तर पाटील एकटा देऊ शकत नसे. कागदावर पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार, बलुतेदार सगळ्यांची साक्ष पडे. अक्षर येत नसेल तर निशाणी: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, ज्याचं त्याचं अवजार. उद्या कुणी म्हणाला की मला ठाऊकच नव्हतं, तर त्याचाच आरसा त्याला दाखवता येई!

पुढं इंग्रजांचा सर्व्हे आला. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नवी पद्धत बसवली. प्रत्येक नंबर वेगळा, प्रत्येक खातेदार वेगळा, आणि ज्याचं नाव नाही ते सरकारचं. रयतेचा यात फायदाही झाला. दुसऱ्याच्या बाकीसाठी आपल्या दारात शिपाई येणं थांबलं. पण गतकुळी जमीन लावून देण्याचा गावाचा हात त्याच दिवसापासून आखडला. गायरान राहिलं, तेही वापरापुरतं. म्हणून तर आज गायरानाचा सात-बारा काढला की मालकीच्या जागी सरकार दिसतं. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

गोव्याची पावणी

गावानं गावची जमीन खंडानं देण्याची सगळ्यात टिकाऊ पद्धत बघायची तर घाट उतरून गोव्यात जावं लागेल. तिथं गावकारी नावाची संस्था पोर्तुगीजांच्याही आधीपासूनची. गावातली शेतं, खाजण, माळ, बरंच काही गावकारीच्या मालकीचं. गाव वसवणाऱ्या घराण्यांचे वंशज ते गावकर. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं आणि १५२६ साली अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्यानं तिच्या चालीरीती लिहून काढल्या. अशा दोनशेवर संस्था गोव्यात होत्या.

त्यांची रीत अशी. भातशेतीचे तुकडे पाडायचे आणि ठरलेल्या मुदतीनं, बहुतेक तीन वर्षांनी, उघड्यावर पावणी करायची. पावणी म्हणजे लिलाव. ज्याची बोली वर त्याला शेत. खाजणाच्या मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, मासे धरायचा हक्क असे, त्याचीही पावणी. जमा झालेल्या पैशातून आधी सरकारचा वसूल, मग बांधांची डागडुजी, देवाधर्माचा आणि गावकामगारांचा खर्च. एवढं भागवून जे उरेल ते गावकरांत वाटायचं. या वाट्याला झोण म्हणत.

यातली मेख लक्षात घ्या. खाजण म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली जमीन. बांध एकदा फुटला की एकाचं शेत जात नाही, सगळ्या गावाचं जातं. तीन वर्षांसाठी आलेलं कुळ बांधाला कशाला हात लावील? म्हणून बांध गावकारीकडं आणि कसणूक कुळाकडं, अशी वाटणी होती. खंडातला पैसा बांधात जात होता म्हणून खंडही टिकत होता.

ती व्यवस्था दोषरहित होती असं नाही. झोण फक्त गावकर घराण्यांना. चिखलात उभं राहणाऱ्या कुळाला त्यात वाटा नाही, आणि तीन वर्षांनी बोली चढली की शेत दुसऱ्याकडं. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीनं कसणारा मालक होऊ लागला. न्याय झाला, तो व्हायलाच हवा होता. पण पावणी थांबली तसा गावकारीचा खंडही आटला आणि बांधांचं काम कुळांच्या संघांकडं गेलं. जिथं संघ जागा राहिला तिथं ठीक. जिथं झोपला तिथं खाडी आत आली आणि भाताच्या जागी खारं पाणी उभं राहिलं. कायदा करणाऱ्यांनी जमिनीचा मालक ठरवला, पण काही गावांत बांधाला मालक मिळाला नाही. भागीचं घोडं आठवलं ना?

चाळीस वर्षांचा करार

तीन वर्षांच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. तीन वर्षांत भात होतं, झाड होत नाही. आंबा, चिंच, लिंबू लावायचं तर कुळाला लांब मुदत हवी. पण लांब मुदतीनं दिली की जमीन हातची जाते, ही गावाला भीती. या पेचातून वाट काढणारा एक करार जगाच्या दुसऱ्या टोकाला दगडावर कोरलेला सापडला आहे, आणि तो साधारण तेवीसशे सत्तर वर्षांपूर्वीचा आहे.

ग्रीस देशातलं अथेन्स शहर तुम्हांला ऐकून ठाऊक असेल. अथेन्सच्या राज्यात १३९ गावं आणि वस्त्या होत्या. प्रत्येकाची सभा वेगळी, प्रत्येकाचा देमार्ख, म्हणजे आपल्या हिशेबानं सरपंच, वेगळा. त्यातलं एक गाव ऐक्सोनी. या गावाची फेल्लेइस नावाची खडकाळ जमीन होती, आपल्याकडच्या माळासारखी. इसवी सनापूर्वी ३४५ च्या सुमाराला गावानं ती चाळीस वर्षांच्या पट्ट्यानं औतोक्लेस आणि औतेअस या बापलेकांना दिली. औतोक्लेसच्या बापाचंही नाव औतेअसच, म्हणजे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल तिथंही होती. खंड ठरला वर्षाला १५२ द्राख्मा. त्या काळी मजुराचा रोज दीड द्राख्म्याच्या आसपास होता, म्हणजे साधारण शंभर दिवसांची मजुरी.

आता अटी बघा. खंड दर वर्षी ठरलेल्या महिन्यात द्यायचा, तोही सुगी होऊन गेल्यावर, आपल्या आषाढाच्या आसपास. नाही दिला तर गावानं पीक आणि कुळाची इतर चीजवस्त जप्त करावी. जमिनीवर राज्याचा कर बसला तर तो गावानं भरायचा. कुळानं भरला असेल तर खंडातून वजा. शत्रू चालून आला आणि त्यानं पीक नासलं किंवा शेतात जाऊ दिलं नाही, तर ठरलेला खंड मागायचा नाही, पिकेल त्याचं निम्मं गावाला. आपल्याकडं दुष्काळ पडला की गाळ्याचा नाहीतर तळ्याचा ठेकेदार सूट मागायला तालुक्याला चकरा मारतो. त्यांनी ती सूट आधीच लिहून ठेवली होती.

कुळाला झाडं लावायची मोकळीक. जमीन खोदून निघालेली माती बाहेर न्यायची नाही, तिथल्या तिथंच वापरायची. (मुरूम आठवला का, मंडळी?) चाळीस वर्षं भरली की निम्मी जमीन पड ठेवून परत करायची, म्हणजे पुढच्या माणसाला लगेच नांगर घालता येईल, आणि जेवढी झाडं असतील तेवढी जागेवर सोडायची. शेवटच्या पाच वर्षांत द्राक्षवेलींवर गाव आपला माळी नेमणार, कारण जाणारं कूळ वेलींची निगा राखत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

गावाचा हात बांधणारं कलमही आहे. मुदत संपण्याआधी सभेत कुणी ठराव मांडून करार मोडू पाहिला, तर त्या माणसावर कुळाला नुकसानीचा दावा करता येईल. म्हणजे सरपंच बदलला, पार्टी बदलली, तरी कूळ हलायचं नाही. त्याशिवाय चाळीस वर्षांसाठी झाड कोण लावील?

सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी. हा करार दोन दगडांवर कोरायचा असं ठरलं. एक दगड देवळात आणि दुसरा लेस्खीत. लेस्खी म्हणजे गावातली माणसं बसून बोलतात ती जागा. आपली चावडी म्हणा, पार म्हणा. ज्याला अक्षर येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं वाचून घ्यावं.

जामीनदार आणि हद्दीचे दगड

ग्रीक मुलखातली आणखी दोन उदाहरणं थोडक्यात सांगतो. डेलॉस नावाच्या बेटावर अपोलो देवाचं मोठं देवस्थान होतं. आपल्या देवस्थान इनामांसारखी त्याची शेतं होती. ती दहा वर्षांच्या पट्ट्यानं जात. कुळाला जामीनदार द्यावा लागे. मुदत संपल्यावर जुन्या कुळाला पुन्हा हवी असेल तर खंड दहा टक्क्यांनी वाढवून पुढची दहा वर्षं मिळत. देवस्थानचे कारभारी दर वर्षी जमाखर्च दगडावर कोरून ठेवत. कुणाकडून किती आलं आणि कुणाकडं किती बाकी, हे आज दोन हजार वर्षांनीही वाचता येतं. आपल्याकडं पाच वर्षांपूर्वीचं प्रोसिडिंग बुक मागितलं तर काय उत्तर मिळतं, ते तुम्हीच सांगा.

दुसरं उदाहरण हेराक्लिया गावचं, इटलीच्या दक्षिणेला वसलेलं ग्रीक लोकांचं गाव. तिथं दायोनिसस देवाच्या जमिनीवर खासगी लोकांनी हळूहळू अतिक्रमण केलं होतं. गावानं दावे लावले, जमीन सोडवली, पंच नेमून मोजणी केली, हद्दीचे दगड रोवले आणि मगच तुकडे पाडून ती खंडानं दिली. खंड धान्यात, सातूच्या मापानं. वेली आणि ऑलिव्हची झाडं लावायची सक्ती, न लावल्यास दंड, आणि जामीनदार हवाच. हे सगळं काशाच्या पत्र्यांवर कोरलेलं आहे. ते पत्रे १७३२ साली सापडले. आधी मोजणी, मग हद्द आणि शेवटी पट्टा, हा क्रम लक्षात ठेवा. आपण उलट करतो. पट्टा आधी, हद्द जागेवर बघू, आणि मोजणी भांडण लागल्यावर.

आता आपलं गायरान

हे सगळं जुनं पुराण आत्ता कशाला, असं कुणी विचारील. कारण गावच्या जमिनीला पुन्हा गिऱ्हाईक आलं आहे, आणि या वेळी मुदत लांब आहे.

२०२३ सालच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभे करायचं धोरण आलं. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा त्याचा हेतू, आणि तो चांगला आहे. रात्री-अपरात्री पाण्याला जाऊन साप-विंचवाला पाय लावणाऱ्याला त्याची किंमत सांगायला नको. या योजनेत खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यावर दर साल ३ टक्के वाढ ठरली. गायरानासारखी सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं द्यायची, आणि ज्या गावात प्रकल्प होईल त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं निधी. विजेचा खरेदी करार २५ वर्षांचा.

आता तुम्हीच हिशेब मांडा. गायरान २५ वर्षं कुंपणात, गावाला पैसा तीन वर्षं. शेजारच्या शेतकऱ्याच्या हेक्टरला सव्वा लाख, आणि गावची शेळ्या-मेंढरं जिथं चरत होती त्या हेक्टरला नाममात्र. याला गायरानाच्या मालकीचा तो जुना घोळ कारण आहे: सात-बाऱ्यावर नाव सरकारचं, वापर गावाचा. म्हणून प्रकल्पाला डोळे झाकून नाही म्हणा असं मी सांगत नाही. हो म्हणण्याआधी विचारा. चराईसाठी किती जमीन उरते? पाणंद आणि पाणवठ्याची वाट कुंपणाबाहेर राहते का? मुदत संपल्यावर जमीन कोणत्या अवस्थेत परत मिळणार? पाया, खांब, केबल कोण काढणार? शेवटच्या पाच वर्षांत गावाचा माळी म्हणून कोण लक्ष ठेवणार?

गायरान वाचवायला कायद्याचा आधार आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाच्या वापरासाठी मोकळ्या करा, असं सर्व राज्यांना बजावलं. त्याला धरून १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनानं गायरान जमिनींबाबत निर्णय काढला.

आणि गायरानाशिवायही ग्रामपंचायतीची स्वतःची मिळकत असते: गाळे, बाजाराची जागा, सभागृह, तळं, चिंचेची झाडं. ही स्थावर मिळकत भाडेपट्ट्यानं द्यायची तर कायद्यात मंजुरीची पायरी आहे, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपर्यंत जाणारी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार तो नोंदवावा लागतो. ही पायरी चुकवली की दहा वर्षांनी गाळेधारक म्हणतो, कागद दाखवा, आणि दाखवायला कागद नसतो.

लिलाव कसा होतो ते तर तुम्ही बघितलंच असेल. दवंडी पिटली जाते, पण भलत्याच वेळेला. बोली तिघेच बोलतात आणि तिघेही एकाच भावकीचे. अनामत उद्या भरतो म्हणतात. तो उद्या उगवत नाही, आणि पुढच्या वर्षी बाकीदारच पुन्हा बोलीला उभा! गोव्याच्या पावणीत, डेलॉसच्या जामीनदारात, पाटलाच्या नांगराच्या निशाणीत यावरचा इलाज आहे. उघडी बोली, पक्का जामीन आणि चारचौघांची साक्ष.

सरपंच मंडळी आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांना एकच विनंती. एक पाटी करा. गावकीची कोणती मिळकत, गट नंबर, क्षेत्र, कुणाला दिली, कधीपासून कधीपर्यंत, खंड किती, बाकी किती. ती ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. चावडीच्या भिंतीवर रंगवा, देवळाच्या ओट्यावर लावा. रंगाचा खर्च तो काय येणार?

ऐक्सोनी गाव आज कुठं आहे ठाऊक आहे? अथेन्स वाढत गेलं आणि त्या जागेवर आता ग्लिफाडा नावाचं उपनगर आहे. समुद्रकाठी इमारती, रस्ते, दुकानं. जसं हिंगण्याचं कर्वेनगर झालं तसंच. तरीही फेल्लेइसच्या माळाचा खंड किती होता, माती कुणी न्यायची नव्हती आणि झाडं कुणाला लावता येत होती, हे आज मी तुम्हांला इथं बसून सांगू शकलो. तुमच्या गावच्या गायरानाबद्दल, तळ्याबद्दल, बाजाराच्या जागेबद्दल तुमच्या नातवाला एवढं सांगता येईल का?

येत्या ग्रामसभेला गायरानाचा सात-बारा आणि गाळ्यांचे करार टेबलावर मागा. चहा-पाण्याआधी मागा.